सोनेगावची रात्रीची डाक

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मजकूर फिरून येतो. राईट बंधूंच्या हजार वर्षं आधी कॉर्डोबात अब्बास इब्न फिरनास या मुसलमान शास्त्रज्ञाने विमान उडवलं, पण पश्चिमेने हा इतिहास दडपला, असा त्याचा सूर असतो. खाली आठ-दहा 'माशाअल्लाह' पडतात. आमच्या शेजारच्या घरातल्या ग्रुपवर दुसरा मजकूर फिरतो. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं, इंग्रजांनी ते दडपलं. तिथेही हात जोडलेले असतात. दोन्ही घरांतली मुलं एकाच शाळेत जातात आणि या विषयावर एकमेकांशी भांडतातही. मधल्या सुट्टीत कॉर्डोबा विरुद्ध चौपाटी असा सामना होतो.

आम्ही दोघं बहीण-भाऊ हा लेख मिळून लिहितो आहोत. दोघांनाही लहानपणापासून विमानांचं वेड आहे, म्हणून या दोन्ही मजकुरांच्या मागे जाऊन आम्ही जमेल तेवढं वाचलं. इब्न फिरनास हा खरा माणूस. नवव्या शतकातल्या अंदलुसियात होऊन गेला. कवी होता, काच बनवण्यात वाकबगार होता. अंगाला पिसं लावून तो उंचावरून झेपावला, थोडं अंतर तरंगला आणि उतरताना आपटला, ही हकीकत आपल्याला सांगतो तो अल-मक्करी, आणि तो सतराव्या शतकातला. मधे साडेसातशे वर्षं गेली. त्याच्या हकीकतीत इब्न फिरनासच्या काळातल्या एका कवीचा दाखला आहे, म्हणून ती अगदी हवेतली म्हणता येत नाही. पण फॉरवर्डमध्ये जे तास, मिनिटं आणि मैल लिहिलेले असतात ते कुठेच नाहीत. इस्तंबूलच्या हेझारफेन अहमद चेलेबीचं तर आणखी अवघड आहे. गलाटा बुरुजावरून उडून तो बॉस्फोरसपलीकडे उतरला हे फक्त एकच माणूस सांगतो, प्रवासी एवलिया चेलेबी, आणि एवलियाला गोष्ट रंगवायची सवय होती. तळपद्यांचंही तसंच. माणूस खरा, धडपड खरी, पण चौपाटीवरच्या उड्डाणाला त्या वेळचा भक्कम पुरावा नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा या संदर्भात दाखला दिला जातो, त्यातली विमानं उडूच शकणार नाहीत, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली तपासून लिहिलं.

हे सांगितलं की दोन्ही बाजूंचे लोक आमच्यावर नाराज होतात. "आपल्याच माणसांना कमी लेखता," म्हणतात. आमचं म्हणणं साधं आहे. ज्या गोष्टीला पुरावा आहे, जी आपल्या गावात, आपल्या डोक्यावरून रोज रात्री वीस-पंचवीस वर्षं उडत होती, तिच्याबद्दल आपल्या ग्रुपवर एक ओळ येत नाही. आणि त्या गोष्टीत एक मुसलमान नाव ठळक आहे, बनवून आणावं लागत नाही.

नागपूरकर वाचक हजला जाणाऱ्यांना निरोप द्यायला सोनेगावच्या विमानतळावर कधी ना कधी गेलेच असतील. आता तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ. हे मैदान पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१७-१८ मध्ये, लष्करी विमानांसाठी सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्सची विमानं इथे थांबून पुढे जात. पण सोनेगावचा खरा मान त्यानंतरचा, स्वातंत्र्यानंतरचा.

३० जानेवारी १९४९. गांधीजींना जाऊन त्या दिवशी बरोबर एक वर्ष झालं होतं. त्या रात्री हिंदुस्थानात रात्रीची हवाई डाक सुरू झाली. कल्पना इतकी सोपी की ऐकल्यावर वाटावं, हे आधी कुणाला का सुचलं नाही? दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान निघायचं. दिवसभर पेट्यांत पडलेली पत्रं थैल्यांत भरून ते नागपूरकडे यायचं. मध्यरात्रीनंतर चारही विमानं सोनेगावला एकत्र उभी राहायची. दिल्लीच्या विमानात मुंबई, कलकत्ता आणि मद्रासच्या थैल्या असत. मुंबईच्या विमानात उरलेल्या तिन्हींच्या. थैल्या खाली उतरत, इकडच्या तिकडे होत, आणि पहाटे प्रत्येक विमान आपल्या शहराकडे परत जाई, उरलेल्या तीन शहरांची पत्रं घेऊन. सकाळी पोस्टमन वाटायला निघे तोवर थैल्या शहरात पोचलेल्या असत.

हिशेब करून बघा. चार शहरं एकमेकांना थेट जोडायची तर जाण्याच्या सहा आणि येण्याच्या सहा, अशा बारा फेऱ्या दर रात्री लागल्या असत्या. नागपूर मधे घेतल्याने आठ फेऱ्यांत काम झालं, तेही चार विमानांत. त्या वेळची डाकोटा विमानं ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास उडत. मुंबईहून अडीच तास, कलकत्त्याहून साडेतीन. एका रात्रीत येऊन-जाऊन होण्याइतकं अंतर चारही बाजूंनी फक्त इथूनच जमत होतं. झिरो माइलच्या दगडापाशी आपण फोटो काढतो, पण नागपूर मध्यावर असल्याचा देशाला एवढा रोकडा उपयोग दुसऱ्या कशाने झाला असेल असं आम्हाला वाटत नाही. अमेरिकेतल्या फेडएक्स कंपनीने सगळं टपाल रात्री एका मधल्या गावात, मेम्फिसला, आणून तिथून वाटायची पद्धत सुरू केली ती एप्रिल १९७३ मध्ये. व्यवस्थापनाच्या वर्गात ती आजही शिकवतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपली नागपूरची रात्रीची डाक बंद झाली. चोवीस वर्षं चालून.

आता ते नाव. त्या वेळी दळणवळण मंत्री होते रफी अहमद किडवई. नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात मौलाना आझादांबरोबरचे दुसरे मुसलमान मंत्री. बाराबंकी जिल्ह्यातल्या मसौलीचे. १ एप्रिल १९४९ पासून त्यांनी पुढचं पाऊल टाकलं: विमानाने पत्र लवकर पोचणार असेल तर ते विमानानेच जाईल, आणि त्यासाठी जादा पैसे पडणार नाहीत. तोवर हवाई टपाल म्हणजे वेगळं तिकीट, निळी चिठ्ठी, व्यापाऱ्यांची आणि साहेबांची चैन. या योजनेला 'ऑल-अप' म्हणत. गिरणीतल्या कामगाराचं साधं पत्रही आता विमानात बसू लागलं. किडवई १९५४ साली वारले. बंगळूरची कर्करोगाची मोठी संस्था त्यांच्या नावाने आहे, दिल्लीत रस्ता आहे. पण आम्हाला त्यांचं सगळ्यात योग्य स्मारक वाटतं ते एक वीस पैशांचं तिकीट. 'ऑल-अप'ला वीस वर्षं झाली तेव्हा, १ एप्रिल १९६९ रोजी, टपाल खात्याने ते काढलं. त्यावर किडवईंचा चेहरा आहे आणि बाजूला डाकेचं विमान.

हे तिकीट आम्ही पहिल्यांदा पाहिलं ते एका काकांकडे. धरमपेठेत राहतात, बँकेतून निवृत्त झालेले. नाव लिहू नका असं त्यांनी बजावलं आहे. हवाई टपालाचे लिफाफे जमवणं हा त्यांचा छंद. अशी माणसं देशात बरीच आहेत. आपापल्या घरात शांतपणे काम करतात आणि बायकांची बोलणी खातात. त्यांना विमानाचं चित्र नको असतं, विमानातून गेलेला कागद हवा असतो. काका म्हणतात, "विमानं भंगारात गेली, वैमानिक गेले, कंपन्या बुडाल्या. त्या रात्री विमान खरंच उडालं याचा साक्षीदार एकच उरला, लिफाफा. तो खोटं बोलत नाही. समोरच्या शिक्क्यावर कुठून आणि कधी, मागच्या शिक्क्यावर कुठे आणि कधी. मधल्या तासांत आगगाडी पोचू शकत नसेल, तर तो उडत आला."

कंपन्या खरंच बुडाल्या. ही डाक सुरू केली ती इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सने, आणि वर्षभरातच ती थकली. मग हिमालयन एव्हिएशन आली. १ ऑगस्ट १९५३ पासून देशांतर्गत कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली आणि रात्रीची डाक तिच्याकडे गेली.

काकांच्या वह्यांत हिंदुस्थानातल्या विमानाच्या बाल्यावस्थेचा सगळा प्रवास लिफाफ्यांवर दिसतो. काही अस्सल, काही नुसत्या छायाप्रती, कारण अस्सल परवडत नाहीत. पहिलं पान अलाहाबादचं. १८ फेब्रुवारी १९११ रोजी तिथल्या प्रदर्शनाच्या मैदानातून आंरी पेके नावाच्या तेवीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाने सुमारे साडेसहा हजार पत्रं घेऊन यमुना ओलांडली आणि नैनीला उतरला. दहाएक किलोमीटरचं अंतर. जगातली ती पहिली अधिकृत हवाई डाक मानतात, आणि ती आपल्याकडे झाली. त्या पत्रांवरचा किरमिजी शिक्का संग्राहकांना पाठ असतो. दुसरं पान जे. आर. डी. टाटांचं: १५ ऑक्टोबर १९३२, कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला, लहानशा पस मॉथ विमानातून, बरोबर पंचवीस किलो टपाल. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, जे. आर. डीं.नी लेपर्ड मॉथ विमान स्वतः चालवत तो प्रवास पुन्हा केला. तेव्हा त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर होतं. २०२१ मध्ये मुंबईच्या आरोही पंडित या तरुण वैमानिकेने भूजहून जुहूपर्यंत हलकं विमान आणून त्याची आठवण जागवली. इतिहास जिवंत ठेवायचे असेही प्रकार असतात, पण त्याला विमान लागतं. काकांना चिमटा आणि भिंग पुरतं.

एक पान आमच्या आग्रहावरून जोडलं गेलं. उर्दू वाचणाऱ्या घरांत हिजाब इम्तियाज अली हे नाव कथालेखिका म्हणून माहीत असतं. 'अनारकली' लिहिणाऱ्या इम्तियाज अली ताज यांच्या त्या पत्नी. या बाईंनी १९३६ साली विमान चालवण्याचा परवाना घेतला होता. आमच्या खालाला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि आम्ही सायकल मागितली तर घरात हंगामा."

खालाचा उल्लेख आला, तर आता तिच्या पेटीकडे वळावं लागेल.

आमचे नाना डाकखात्यात होते. हुद्दा लहान. टपालाच्या मोटारीबरोबर रात्री थैल्या घेऊन सोनेगावला जायचं, विमानं आली की उतरवायच्या, मोजायच्या, चढवायच्या, नागपूरच्या थैल्या घेऊन परत यायचं. घर मोमीनपुऱ्यात. खाला त्यांची थोरली मुलगी, आमच्या अम्मीपेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आज पंच्याऐंशी ओलांडली आहे. तिला आठवतं ते असं: इशानंतर नाना जेवून निघत. थंडीत अंगावर खात्याचा जाड कोट. रात्री कौलांवरून घरघर गेली की नानी म्हणायची, "आलं तुझ्या अब्बांचं काम." पहाटे पुन्हा घरघर, एकापाठोपाठ एक. रमजान उन्हाळ्यात आला की गल्लीतल्या बायका या दुसऱ्या घरघरीवर सहरीला उठत. फजरच्या सुमाराला नाना परतत, कपड्यांना पेट्रोलचा आणि तागाच्या थैल्यांचा वास. दिवसा ते झोपत आणि मुलांना कुजबुजत खेळावं लागे.

रात्र रोज सुखाचीच गेली असं नाही. १२ डिसेंबर १९५३च्या पहाटे मद्रासकडे निघालेलं डाकोटा सोनेगावहून उडताच कोसळलं. प्रवासी आणि कर्मचारी मिळून तेरा जण गेले, वैमानिक तेवढा वाचला. रात्रीच्या डाकेबरोबर प्रवासीही असत. खाला सांगते, नाना त्या दिवशी दुपारी घरी आले, गुसल केलं आणि न जेवता झोपले. पुढे त्यांनी या रात्रीबद्दल कधी काही सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. दुसऱ्या रात्री ते कामावर गेले.

नानांची एक लोखंडी पेटी खालाकडे आहे. तीत घरी आलेली पत्रं, लिफाफ्यांसकट. डाकखात्यातला माणूस, लिफाफा फेकणं त्यांना अपमान वाटायचा. पुष्कळ घरांत मुलं तिकीट फाडून घेतात आणि लिफाफा चुलीत जातो. नानांच्या पेटीला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. काकांची आणि आमची ओळख झाल्यावर आम्ही त्यांना खालाकडे नेलं. खालाने डोक्यावर पदर नीट केला, चहा सांगितला आणि पेटी पुढ्यात ठेवून स्वतः जवळ बसून राहिली, जसं दागिने दाखवताना बसतात.

काका एकेक लिफाफा दोन्ही बाजूंनी पाहात होते. बराचसा ऐवज मामुली होता: शादीची दावतनामे, मनिऑर्डरची पोच, इटारसीच्या एका नातेवाइकाच्या तक्रारी. मग एक खाकी लिफाफा हातात आल्यावर ते थांबले. भिंग काढलं. समोर कलकत्त्याचा शिक्का, २१ फेब्रुवारी १९५०, संध्याकाळचा. मागे नागपूरचा, २२ फेब्रुवारी. दोन्ही स्वच्छ, एकही अक्षर पुसलेलं नाही.

"आपा," काका म्हणाले, "सुरुवातीच्या दिवसांतला इतका साफ लिफाफा माझ्याकडे नाही. मेल गाडीने हा दुसऱ्या दिवशी पोचून वाटला गेलाच नसता. हा उडत आलाय. तुम्ही म्हणाल ती किंमत देतो."

खालाने लिफाफा त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला. "हा नाही," म्हणाली.

त्या लिफाफ्यात काय आहे ते आम्हाला अर्धवट माहीत होतं. पूर्ण त्या दिवशी कळलं, काका गेल्यावर. छोटे नाना, म्हणजे नानांचे धाकटे भाऊ, तेव्हा कलकत्त्यात पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होते. १९५०च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कलकत्ता-हावड्याकडे आणि तिकडे पूर्व बंगालात, दोन्हीकडे दंगली पेटल्या होत्या. इकडचे तिकडे, तिकडचे इकडे पळत होते. छोटे नानांच्या कारखान्याचा मालक ढाक्याला निघाला होता. चल म्हणत होता, तिथे काम आहे, राहायला जागा आहे. पत्रात छोटे नानांनी थोरल्या भावाला विचारलं होतं: जाऊ का? परवापर्यंत सांगायचं आहे. बरोबरचे चौघे तयार आहेत. तुम्ही सांगाल तसं करतो.

तार त्याच दिवशी पोचली असती, हे खरं. पण अशी गोष्ट तारेत लिहिता येत नाही. तारेतले शब्द तारबाबू मोजतो, वाचतो, आणि त्या दिवसांत कोण वाचतंय याची धास्ती होती. शिवाय हा प्रश्न चार शब्दांचा नव्हता. पत्र दोन पानी आहे, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. २२ तारखेला ते नानांच्या हातात पडलं. त्याच दिवशी त्यांनी उत्तर लिहिलं, संध्याकाळी पेटीत टाकलं, आणि रात्री नेहमीप्रमाणे ड्युटीवर गेले. नाना पुढे कधीतरी हसून म्हणायचे, "माझं पत्र मीच विमानात चढवलं." कोणत्या थैलीत होतं ते त्यांना कळणं शक्य नव्हतं. पण कलकत्त्याच्या थैल्या त्यांनी त्या रात्री स्वतः एकेक करून आत दिल्या, कुणाला हात लावू दिला नाही, असं खालाने नानीकडून ऐकलं आहे. २३ तारखेला सकाळी उत्तर कलकत्त्यात होतं.

उत्तरात काय होतं? ते पत्र कलकत्त्याला गेलं, ते आमच्याकडे कसं असणार. आमच्याकडे त्याचा परिणाम आहे. एप्रिलमध्ये, नेहरू-लियाकत करार झाला त्याच महिन्यात, छोटे नाना एक पत्र्याची ट्रंक आणि बांधणीचं दाबयंत्र घेऊन नागपूरच्या स्टेशनवर उतरले. त्यांच्या दुकानात पुढे चाळीस वर्षं गावातल्या शाळांची हजेरीपुस्तकं, मशिदीतल्या जुन्या झालेल्या कुराणाच्या प्रती आणि कॉलेजच्या मुलांचे प्रबंध बांधले गेले. त्यांची नातवंडं आमच्याच ग्रुपवर आहेत. तो मालक आणि ते चौघे ढाक्याला गेले. त्यांच्यापैकी कुणाचं पत्र पेटीत नाही.

खालाचं म्हणणं आम्हाला समजत होतं. ती म्हणाली, "या पत्रात माझ्या चाचाने 'जाऊ का' असं विचारलंय. आज कुणी हे वाचलं तर 'राहिले' हे वाचणार नाही, 'जायचं मनात होतं' एवढंच वाचेल." आमच्यापैकी एकाने म्हटलं, "खाला, लिफाफा देऊ, पत्र ठेवून घेऊ." त्यावर तिने आमच्याकडे असं पाहिलं की विषय तिथेच थांबला. पण गंमत अशी की पुढच्या वेळी काका आले तेव्हा हेच त्यांनीच नाकारलं. आम्हाला वाटलं होतं, त्यांना फक्त शिक्क्यांशी मतलब. ते म्हणाले, "पत्र वेगळं केलं की माझ्याकडे नुसता शिक्का राहतो. तुमच्याकडे नुसतं पत्र. मग कसं कळणार की हे एका रात्रीत पोचायलाच हवं होतं?"

त्यांनी लिफाफ्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो घेतला, तेवढाच. बाकीचे सात साधे लिफाफे खालाने त्यांना दिले, पैसे न घेता. त्या बदल्यात त्यांनी पेटीतल्या उरलेल्या कागदांची व्यवस्था लावून दिली. ती इथे लिहून ठेवतो, कारण अशा पेट्या मोमीनपुऱ्यापासून मालेगावपर्यंत बऱ्याच घरांत असतील. तिकीट कापू नये, त्याची किंमतही लिफाफ्यावर असतानाच असते आणि शिक्का अर्धा झाला की साक्ष गेली. सेलोटेप लावू नये, तो पिवळा पडून कागद खातो. लॅमिनेशन करू नये. रबर बँड आणि टाचण्या काढून टाकाव्यात, गंज लागतो. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, पावसाळ्यात आत पाणी धरतं. साध्या कोऱ्या कागदाच्या घडीत ठेवावं, आणि कुणाचं पत्र कुणाला, हे माहीत असलेलं माणूस हयात आहे तोवर पेन्सिलीने वेगळ्या चिठ्ठीवर लिहून घ्यावं. शेवटचं काम आम्ही दर जुम्याच्या दुपारी खालाजवळ बसून करतो आहोत. एका बैठकीत चार-पाच पत्रं होतात, कारण प्रत्येक नावामागे एक भांडण किंवा एक निकाह निघतो.

काकांनी आपल्या वहीत नागपूरच्या रात्रीच्या डाकेसाठी स्वतंत्र पान केलं आहे. वर किडवईंचं वीस पैशांचं तिकीट. मधे खालाने दिलेल्या सातांपैकी दोन लिफाफे. खाली एक चौकोन, त्यात आमच्या लिफाफ्याचा फोटो, आणि पेन्सिलीने लिहिलेलं: "कलकत्ता–नागपूर, फेब्रुवारी १९५०. मूळ लिफाफा पत्रासह कुटुंबाकडे."

ते पान दाखवायला काका आले तेव्हा खालाने चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं. मग विचारलं, "मंत्र्यांचं नाव आहे, विमानाचं आहे. अब्बांचं?"

काकांनी पेन्सिल काढली. "हुद्दा काय लिहू, आपा?"

"हुद्दा मला माहीत नाही," खाला म्हणाली. "थैल्या चढवायचे, एवढं लिहा."

त्यांनी तेवढंच लिहिलं.